टक्क वाजलेलं झाकण: फरसबीच्या २३ बरण्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका घरात दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि तीन मुलं. नावं लिहीत नाही. मोठ्या जावेला थोरली आणि लहान जावेला धाकटी म्हणते. घर ओळखू येईल असे तपशील बदललेत. बरण्यांचे आकडे, वेळा आणि मापं मात्र त्यांच्याच वहीतली आहेत. वही धाकटी लिहायची. ती नसती तर हे प्रकरण लिहिताच आलं नसतं, कारण नंतर प्रत्येकाला आपल्या सोयीचं तेवढंच आठवत होतं.

धाकटीच्या नवऱ्याचं काम सुटलं तेव्हा दोघींनी बसून खर्चाची यादी काढली. शाळा, औषधं, वीज यांना हात लावता येत नव्हता. हात लावता येईल असं एकच खातं उरलं, खाण्याचं. घरामागे जमिनीचा एक तुकडा पडीक होता. तिथे टोमॅटो, फरसबी, गाजर, कोबी लावायचं, हंगामात येईल ते साठवायचं आणि पुढचे चार-पाच महिने भाजी शक्यतो विकत आणायची नाही, असा बेत ठरला.

माझा संबंध असा: मी घरगुती अन्नटिकवणीचे छोटे वर्ग घेते. थोरली माझ्या जॅमच्या एक दिवसाच्या वर्गाला आली होती. त्या दिवशी मी काय शिकवलं आणि काय शिकवायचं राहिलं, ते पुढे येईलच.

पहिला हंगाम

जमिनीने निराश केलं नाही, उलट अडचणीत आणलं. सगळी फरसबी एकाच दिवशी पेरलेली, त्यामुळे सगळी एकदमच तोडायला आली. तीन आठवड्यांत बारा किलोच्या आसपास फरसबी आणि जवळपास तेवढेच टोमॅटो. घरात खाऊन खाऊन किती खाणार? फ्रीजचा बर्फाचा कप्पा लहान, त्यात मुलांच्या औषधाची पिशवी आणि दोन डबे मावले की संपलं.

थोरलीने अर्ध्या लिटरच्या काचेच्या बरण्या जमवल्या. आधी जॅम केला, तो उत्तम झाला. मग टोमॅटो. शिजवून ठेचलेले टोमॅटो, प्रत्येक बरणीत पाव चमचा सायट्रिक ॲसिड, झाकण लावून बरणी पूर्ण बुडेल इतक्या उकळत्या पाण्यात ४० मिनिटं. अशा ११ बरण्या. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

पुढच्या ७ बरण्यांत तिने टोमॅटोबरोबर कांदा, ढोबळी मिरची आणि गाजराचे तुकडे घातले, म्हणजे बरणी उघडली की तयार भाजी. यात सायट्रिक ॲसिड घातलं नाही, कारण ‘आधीच आंबट आहे, मुलं खाणार नाहीत’. मग फरसबी आली. तुकडे, मीठ, वरून उकळतं पाणी, झाकण, आणि मोठ्या पातेल्यात दीड तास उकळ. टोमॅटोला ४० मिनिटं दिली, हिला दीड तास देते, म्हणजे दुप्पट काळजी घेतली, हा तिचा हिशेब. २६ बरण्या झाल्या. पातेल्यातून काढून फडक्यावर ठेवल्या की थोड्या वेळाने एकेक झाकण टक्क वाजायचं आणि मधोमध आत ओढलं जायचं. थोरली स्वयंपाकघरात उभी राहून ते टक्क मोजायची. धाकट्या मुलाने त्याचा खेळच केला होता. याशिवाय सोललेल्या लसणाच्या पाकळ्या तेलात बुडवलेल्या ३ छोट्या बाटल्या होत्या, त्या नुसत्याच फळीवर.

अडचण

सातव्या आठवड्यात धाकटी फळी पुसायला गेली. मागच्या ओळीत फरसबीच्या एका बरणीचं झाकण वर आलं होतं. बोटाने दाबलं की खाली जायचं, बोट काढलं की टिक करून परत वर. काठाखाली वाळलेल्या ओघळाची पांढरट रेघ होती आणि तिच्यामुळे लेबलचा एक कोपरा सुटून वळला होता. शेजारच्या बरणीतलं पाणी गढूळ होतं, पण तिचं झाकण नीट बसलेलं. बाकीच्या २१ बरण्या एकदम नव्यासारख्या. त्याआधी ३ बरण्या खाऊन झाल्या होत्या आणि कुणाला काही झालं नव्हतं.

धाकटीने बरणी उघडली नाही. या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि तो तिने केवळ किळस येऊन घेतला असं ती स्वतःच सांगते.

दोघींचं तिथेच वाजलं. थोरलीचं म्हणणं, एक नासली म्हणून सगळ्या नासल्या असं कुठे असतं? आंबा नासला म्हणून आढी टाकत नाहीत, नासका बाजूला काढतात. धाकटीचं म्हणणं, “ताई, तुम्ही काहीही म्हणा, मी पोरांच्या ताटात हे वाढणार नाही.” संध्याकाळी थोरलीचा मला फोन आला. पहिलं वाक्य होतं, “बाई, तुम्हीच सांगितलं होतंत, झाकण टक्क वाजलं की बरणी बंद.”

सांगितलं होतं. जॅमच्या वर्गात तेवढं पुरतं. जॅममध्ये साखर भरपूर, फळ आंबट, त्यामुळे झाकणाचं काम फक्त बुरशी आणि हवा बाहेर ठेवण्याचं. पण टक्क वाजणं म्हणजे बरणीतली हवा गेली, यापेक्षा अधिक काही नाही. आतला जीव मेला की नाही, हे त्या आवाजाला ठाऊक नसतं. मी हे दुसरं वाक्य कधी बोललेच नव्हते.

नेमका धोका कशाचा होता

क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू मातीत सगळीकडे असतो. कठीण काळात तो बीजाणू होऊन पडून राहतो, आणि हे बीजाणू उकळत्या पाण्यात तासन्‌तास तग धरतात. दीड तासाचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना जागं व्हायला हवेचा अभाव, ओलावा, साधारण घरातलं तापमान आणि आंबटपणाची कमतरता लागते. म्हणजे घट्ट बसलेल्या झाकणाची, मिठाच्या पाण्यातल्या फरसबीची, फळीवर ठेवलेली बरणी. उकळीने त्याचे स्पर्धक जिवाणू मारून टाकले आणि झाकणाने हवा काढून दिली. त्याच्यासाठी जणू घर झाडून ठेवलं.

आंबटपणाची सीमा पीएच ४.६. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं अन्न जास्त आंबट. त्याच्या खाली हे बीजाणू उगवू शकत नाहीत. बहुतेक फळं या रेषेच्या बरीच खाली असतात, म्हणून जॅमला उकळतं पाणी चालतं. फरसबी, गाजर, मटार, मका, मांस, सगळं रेषेच्या वर. टोमॅटो नेमका रेषेवर रेंगाळतो. जात, पिकलेपणा यांप्रमाणे कधी खाली, कधी वर. म्हणूनच त्यात सायट्रिक ॲसिड किंवा बाटलीतला लिंबाचा रस मोजून घालायचा असतो. तो चवीसाठी नसतो, हे थोरलीला कुणी सांगितलं नव्हतं. आंबट होतंय म्हणून तिने तो वगळला, वर तीन बिनआंबट भाज्या घातल्या. लसूणही बिनआंबट, आणि तेलात बुडवला की हवा बंद.

बिनआंबट अन्नातले बीजाणू मारायला १०० अंश पुरत नाहीत, ११५ ते १२१ अंश सेल्सिअस लागतात, आणि पाणी उघड्या पातेल्यात तिथे कधीच पोचत नाही, कितीही वेळ उकळा. उंचावरच्या गावात तर १०० लाही पोचत नाही. दर ३०० मीटरला उकळबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. थोरलीची चूक वेळेत नव्हती, तापमानात होती. ती वेळ वाढवून भरून काढायला गेली.

तिला दोष देताना मी स्वतःला एक गोष्ट आठवून देते. निकोला आपेर या फ्रेंच माणसाने १८१० मध्ये बरणीत अन्न उकळून टिकवण्याची आपली रीत जाहीर केली, सरकारकडून १२,००० फ्रँक मिळवले, आणि हे का टिकतं ते त्याला स्वतःला माहीत नव्हतं. जिवाणूंचं कारण पाश्चरने पुढे कधीतरी दाखवलं, तोवर निम्मं शतक गेलं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. फळीसमोर बसून आम्ही एकेक पर्याय बोललो. बोलणं सरळ रेषेत झालं नाही, पण वहीत धाकटीने ते असं उतरवलंय.

वास घेऊन, चव बघून चांगल्या निवडायच्या. हा पहिला पर्याय थोरलीचा, आणि बहुतेक घरांचा. तो सगळ्यात आधी बाद झाला. बोट्युलिनमच्या विषाला वास नसतो, चव नसते, आणि बरणी फुगलेलीच असेल असंही नाही. चव बघण्याइतका घासही आजारी पाडायला पुरू शकतो.

दहा मिनिटं खळखळ उकळून मग खायची. इथे थोरली अडून बसली, कारण तिचा मुद्दा खरा होता. बीजाणू चिवट असले तरी विष स्वतः उष्णतेने मोडतं. घरी बाटलीबंद केलेली बिनआंबट भाजी खाण्याआधी दहा मिनिटं उकळावी, उंचावर त्याहून जास्त, हा जुना सल्ला आहेच. आधीच्या ३ बरण्या बाधल्या नाहीत त्याचं श्रेय कदाचित तिच्या रटरट शिजवण्याला असेल, कदाचित त्यांत काही नव्हतंच. पण तो सल्ला नीट प्रक्रिया केलेल्या बरणीवरचा जादा कडीकोयंडा आहे, चुकलेल्या बरणीची दुरुस्ती नव्हे. उघडताना उडालेला थेंब, ओट्यावरचा ओघळ, तोच चमचा दुसऱ्या भांड्यात, घाईत पाच मिनिटांवर बंद केलेली शेगडी. २१ वेळा हे सगळं बिनचूक करायचं होतं. धाकटीने एकच प्रश्न विचारला: “ताई, तुम्ही आजारी असलात आणि पोरीने स्वतः गरम करून घेतलं तर?” थोरली गप्प झाली. निर्णय माझ्या तापमानाच्या आकड्यांनी झाला नाही, या प्रश्नाने झाला.

पुन्हा प्रक्रिया करायची. झाकण बसलं नाही असं पहिल्या २४ तासांत लक्षात आलं तर बरणी नव्याने करता येते. सात आठवड्यांनी नाही.

पीएचची पट्टी बुडवून बघायची. फरसबी रेषेच्या वर आहे हे पट्टीशिवायही माहीत होतं. विष आहे की नाही हे पट्टी सांगत नाही. शिवाय त्यासाठी बरणी उघडावी लागली असती.

प्रयोगशाळेत द्यायची. एका बरणीचा अहवाल दुसरीला लागू नाही, आणि तपासणीचा खर्च भाजीच्या किमतीच्या कितीतरी पट.

सगळं टाकायचं. उरला तो हा.

काटकसर करणाऱ्या घरात टाकणं किती जड जातं, हे बाहेरच्याला कळत नाही. थोरलीच्या डोळ्यांसमोर नुसती फरसबी नव्हती. खत, पाणी, वाकून केलेली खुरपणी, तीन आठवड्यांचं इंधन आणि दिराचं काम नसताना ‘आपण काहीतरी केलं’ याचा आधार होता. तिने विचारलं, निदान बरण्या तरी वाचतील का? याचं उत्तर मला सगळ्यात नकोसं वाटलं: संशयास्पद अन्नाची बरणीही अन्नाबरोबर जाते.

काय केलं

फळीचे दोन भाग केले. जॅमच्या ९ बरण्या आणि सायट्रिक ॲसिड घातलेल्या टोमॅटोच्या ११ बरण्या एका बाजूला, त्या ठेवल्या. दुसऱ्या बाजूला फरसबीच्या २३, मिश्र टोमॅटोच्या ७ आणि लसणाच्या ३ बाटल्या. एकूण ३३.

७ मिश्र बरण्यांवर मात्र मीच थोडी रेंगाळले. टोमॅटो प्रमाणाने जास्त होता, कदाचित रेषेखालीच असतील. पण ‘कदाचित’ मोजायचं साधन समोर नव्हतं आणि कुठल्या बरणीत किती गाजर गेलं ते वहीतही नव्हतं. गेल्या.

टाकण्याची रीतही ठरवून केली. हातमोजे घातले. बंद बरण्या न उघडता जाड पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून कचऱ्यात, जिथे कुत्री-मांजरं पोचणार नाहीत. धाकटीला वाटत होतं, निदान खताच्या खड्ड्यात घालू, जमिनीचं जमिनीला. ते केलं नाही. खड्डा उघडा, जनावरं उकरतात, आणि विष जनावरांनाही बाधतं. ओघळलेली बरणी जाड बुडाच्या पातेल्यात आडवी ठेवून, वर बोटभर पाणी येईल इतकं हलक्या हाताने ओतून, झाकण ठेवून अर्धा तास उकळली आणि मग बरणीसकट टाकली. फळीवरचा डाग एक भाग घरगुती ब्लीच आणि पाच भाग पाण्याने भिजवून अर्धा तास तसाच ठेवला, मग पुसला, फडकंही टाकलं.

घरातल्या सगळ्यांना लक्षणं सांगून ठेवली: पापण्या जड होणं, दोन-दोन दिसणं, बोलणं अडखळणं, गिळायला त्रास, आणि चेहऱ्यापासून खाली उतरत जाणारा अशक्तपणा. साधारण १२ ते ३६ तासांत दिसतात, पण काही दिवसही लागू शकतात. असं काही झालं तर वाट न बघता दवाखाना, आणि काय खाल्लं ते आधी सांगायचं, कारण प्रतिविष जितकं लवकर तितकं बरं. कुणाला काही झालं नाही.

फुगलेल्या बरणीत नेमकं काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही. दुसरा एखादा साधा जिवाणूही असू शकेल. थोरली हे अजून अधूनमधून ऐकवते, आणि तिचं चूक नाही.

दुसरा हंगाम

पुढच्या पेरणीआधी दोघी माझ्याकडे आल्या. पहिला प्रश्न प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली १०० अंशांच्या वर तापवायचं मोठं भांडं, घ्यायचा का. घरात दाबाची मोठी साधनं नव्हती, साधा कुकर होता. थोरली म्हणाली, “कुकरात १२१ अंश होतातच ना?” पूर्ण दाबावर होऊ शकतात. पण फरसबीच्या अर्ध्या लिटरच्या बरणीला जी २० मिनिटांची वेळ दिलेली असते, ती मोठ्या कॅनरच्या हिशेबाने काढलेली आहे. कॅनर हळू तापतो, हळू निवतो, आणि त्या चढत्या-उतरत्या वेळातलं गरमपण हिशेबात धरलेलं असतं. लहान कुकर भराभर तापतो, भराभर निवतो. त्यात दाब दाखवणारा काटा नाही, आतली हवा आधी पूर्ण काढून टाकली की नाही याची खात्री नाही, आणि हवा अडकली तर दाब दिसतो तेवढं तापमान नसतं. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही.

कॅनर विकत घेण्याचा हिशेब धाकटीने मांडला. त्यांच्या घराला लागेल एवढ्या फरसबीवर तो वसूल व्हायला बरीच वर्षं लागली असती. तीन-चार घरांनी मिळून घेतला तर गोष्ट वेगळी, पण एकाच आठवड्यात सगळ्यांची तोडणी येते आणि तेव्हा तो कुणाकडे, हा वाद ठरलेला. नाही घेतला. मला हा निर्णय तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो.

मग नियम एकच केला: आंबट ते बरणीत, बिनआंबट ते बरणीबाहेर. बरणीबाहेर म्हणजे काय, यावर सगळा हंगाम गेला.

फरसबी तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच गार पाण्यात, निथळून गोठवली. बर्फाचा कप्पा उणे १८ ला पोचत नाही, म्हणून ती महिन्याभरात संपवायची असं ठरलं. बरणीतच हवी होती तेव्हा सहा बरण्या व्हिनेगरात केल्या: ५ टक्के आंबटपणाचं व्हिनेगर आणि पाणी समसमान. त्या सुरक्षित झाल्या, पण धाकटीचा नवरा सोडून कुणी त्यांना हात लावला नाही.

कोबी आंबवला. इथे वजनकाटा लागला, कारण मीठ चमच्याने मोजलं की बारीक आणि जाड मिठात मोठा फरक पडतो. किलोला २० ते २५ ग्रॅम. चिरून, मीठ चोळून, पाणी सुटेपर्यंत दाबून, आणि पाण्याच्या वर एकही पान येऊ नये म्हणून पाणी भरलेली लहान बरणी वर वजन म्हणून. चौथ्या दिवशी बुडबुडे, तीन-चार आठवड्यांत आंबट. इथे आंबटपणा आपण घालत नाही, लॅक्टिक ॲसिड करणारे जिवाणू तो तयार करतात. मीठ त्यांना सुरुवातीला वाट मोकळी करून देतं. सहा किलोतला चार किलो थोरलीने एकटीने संपवला. उरलेला शेजारी गेला.

गाजर वाळवण्यात दोघींनी मार खाल्ला. पातळ चकत्या वाफवून जाळीखाली उन्हात घातल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग आले, हवा दमट झाली, तिसऱ्या दिवशी कडांना हिरवट केसाळ बुरशी. पहिली खेप पूर्ण गेली. भाज्या बिनआंबट, त्यांना उन्हाचा संथपणा मानवत नाही. साधारण ६० अंशांची सलग गरम, वाहती हवा लागते. ओव्हन मंद ठेवून दार किंचित उघडं ठेवलं तर जमतं, पण धाकटीने मीटर बघितला आणि त्यावर काट मारली.

टोमॅटोच्या चकत्या मात्र सलग मिळालेल्या कोरड्या कडक उन्हात छान वाळल्या. वाळल्या असं वाटलं म्हणून लगेच भरून ठेवल्या नाहीत. काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवायच्या ठरवल्या होत्या, म्हणजे काही तुकड्यांतला उरलेला ओलावा सगळ्यांत सारखा पसरतो. तिसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला बरणीच्या खांद्याशी, काचेच्या आतून, मोहरीएवढे चार-पाच थेंब दिसले. बाहेरून पुसून बघितलं, गेले नाहीत. सगळं परत जाळीखाली. तिने फोन करून हे मला सांगितलं तेव्हा आवाजात जरा ऐट होती, आणि ती रास्त होती.

काय निष्पन्न झालं

दुसऱ्या हंगामाअखेर फळीवर टोमॅटोच्या २२ आणि जॅमच्या १४ बरण्या. एकही फुगली नाही, एकही टाकली नाही. भाजीवरचा खर्च वहीप्रमाणे चार महिने निम्म्याच्या आसपास राहिला. ‘शक्यतो विकत आणायची नाही’ हा पहिला बेत फसलाच. कांदा आणि पालेभाजी आणावीच लागली.

पण वहीतली सगळ्यात बोलकी नोंद वेगळीच आहे. धाकटीने प्रत्येक पदार्थापुढे इंधन आणि दोघींचे तास लिहिले होते. टोमॅटो आणि जॅम त्यात सरळ फायद्यात. गोठवलेली फरसबी जेमतेम. वाळवलेली गाजरं तोट्यात. आणि जमिनीतच राहू दिलेली, लागतील तशी उपटलेली गाजरं जवळजवळ फुकट. साठवणीच्या नादात आपण वाफा हीच एक कोठी आहे हे विसरलो होतो, असं धाकटी म्हणाली.

काय वेगळं करता आलं असतं

पेरणीच. बारा किलो फरसबी तीन आठवड्यांत आली, ती पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन वेळा पेरली असती तर बरीचशी ताजीच खाल्ली गेली असती आणि बरण्यांचा प्रश्नच आला नसता. अन्न वाचवण्याचा पहिला निर्णय स्वयंपाकघरात होत नाही, बियाण्याच्या पुडीवर होतो. हे आम्हा तिघींच्याही लक्षात उशिरा आलं.

२६ बरण्या एकदम करायला नको होत्या. नवी रीत आहे तर चार करून कुणाला तरी विचारायचं होतं. थोरलीचं यावर उत्तर आहे: विचारायचं काय, हेच माहीत नव्हतं. मला ते पटतं. जॅम जमला, टोमॅटो जमले, मग फरसबी का जमू नये, हा तर्क बाहेरून वेडा दिसतो, आतून अगदी सरळ असतो. रीत तीच, भांडं तेच, टक्कही तोच.

लेबलवर फक्त नाव आणि तारीख होती. ॲसिड घातलं की नाही, किती मिनिटं, बरणीत आणखी काय आहे, हे असतं तर त्या ७ मिश्र बरण्यांवर मला अंदाज बांधत बसावं लागलं नसतं.

आणि माझा वर्ग. मी आता जॅमच्या वर्गाची सुरुवात दोन बरण्यांनी करते, एकीत जॅम, एकीत मिठाच्या पाण्यातली फरसबी, दोन्हींची झाकणं आत ओढलेली. विचारते, यातली कुठली खाल? बहुतेक जण दोन्ही म्हणतात. त्यावर अर्धा तास जातो, पाक शिकवायला वेळ कमी पडतो, दोघा-तिघांनी तक्रारही केली. ती मी ऐकून घेते.

या हंगामात फरसबीच्या दोनच ओळी आहेत, दुसरी पहिलीनंतर पंधरा दिवसांनी पेरलेली. तिसऱ्या ओळीच्या जागी थोरलीने टोमॅटो लावलेत. धाकटीने वहीत तारखेशेजारी एक नवा रकाना आखलाय, ‘आंबट?’, आणि सायट्रिक ॲसिडचं पाकीट फुलं यायच्या आधीच आणून ठेवलंय.